गाडीला ताप नव्हता

...आणि वर मलाच विचारतात, तुला कळलं होतं तर बोलली का नाहीस? बोलले हो. धुळ्याबाहेरच्या फागणं गावापासून बोलत होते, घशाला कोरड पडेस्तोवर बोलत होते. तुम्हाला सांगते, आमच्याकडे सून सासऱ्यांशी समोरासमोर बोलत नाही. पदर पुढे ओढायचा आणि जे काय सांगायचं ते मांडीवरच्या लेकराला सांगायचं, सासऱ्यांनी ते ऐकायचं आणि उत्तरही लेकरालाच द्यायचं. आता माझा पितांबर तेव्हा अकरा महिन्यांचा, त्याला अजून 'मम्म' च्या पुढे शब्द नाही, आणि त्याच्यामार्फत मी इंजिनाचं दुखणं कळवत होते!

जाऊळ होतं त्याचं, जळगावला, माझ्या माहेरी. जाऊळ काढतात मामाच्या मांडीवर, आणि मामा एकच, माझा भाऊ अभिमन, तो लष्करात. वर्षातून एकदा सुटी, आणि त्या दिवशी दुपारी दोनच्या रेल्वेने तो परत निघणार. न्हावी अकराला सांगितलेला. अकराव्या महिन्यात नाही झालं तर मग सरळ तिसरं वर्ष, मधे काढत नाहीत. म्हणून मी यांना म्हटलं, एस.टी.ने जाऊ, धुळ्याहून अडीच तासांत पोचू. यांच्याशी मला बोलता येतं, हे ऐकत नाहीत ती गोष्ट वेगळी. पण दारात आबांची, म्हणजे सासऱ्यांची, मोटार उभी ना... सन अठ्ठेचाळीसची, विलायती, कुण्या जिनिंगवाल्या शेटकडून आलेली. आबा तिला रोज सकाळी फडक्याने पुसतात, तिच्या काचेवर चिमणी बसली तर आबांचा जीव खालीवर होतो, मला लग्नाला तीन वर्षं झाली, 'जेवलीस का' म्हणून कधी विचारलं नाही. आबा पितांबरला म्हणाले, "पह्यला नातू, आनि तो येष्टीमा जाई का?" झालं. सासूबाई आदल्या दिवशीच एस.टी.ने पुढे गेल्या होत्या. त्या तीस वर्षं त्या गाडीला ओळखतात.

सहाला निघालो. आबा स्टेअरिंगवर, शेजारी त्यांचे दोस्त चुडामणभाऊ, ज्यांनी वीस वर्षं ट्रॅक्टर चालवला आणि तेव्हापासून चार चाकांचं जे दिसेल त्याचे ते डॉक्टर. मागे मी, हे, पितांबर, नारळ, हळदीकुंकवाचं ताट आणि लेकरासाठी उकळून गार केलेल्या पाण्याचा डबा. फागणं मागे पडलं, एक खड्डा आला, गाडी आदळली, आणि समोरचा तो काटा, इंजिन किती तापलं ते दाखवणारा, एका उडीत लालवर! आबांनी कचकन गाडी थांबवली. "तपनी," म्हणाले, जसं काही घरातलं माणूस गेलं.

आता मला सांगा, तुम्ही लेकरंबाळं वाढवलीत, ताप असा चढतो का? आधी कपाळ कोमट, मग हातपाय, मग डोळे, चढायला त्याला वेळ लागतो. एका खड्ड्यात एकशे चारचा ताप कुणाला येतो का? आणि इंजिनात पाणी उकळलं असतं तर वाफ नको यायला? भाताच्या आधणाला झाकण थडथडतं की नाही? इथे वाफ नाही, वास नाही, काही नाही. मी म्हटलं, "पितांबर, आजोबांना सांग, एकदा हात लावून बघा." पण मला विचारतो कोण.

चुडामणभाऊ म्हणाले, पाणी ओता. मे महिना, आसपास विहीर नाही, ओतलं काय? माझ्या लेकराचं उकळलेलं पाणी! निघालो. मुकटीच्या अलीकडे पुन्हा खड्डा, पुन्हा लाल. मग म्हणाले, पाणी कुठेतरी झिरपत असेल, त्यावर हळद घालतात, हळद भोक बुजवते. हळद कुठेय? ताटात आहे ना! जाऊळाची हळद, सासूबाईंनी स्वतः कुटलेली, वाटीभर, गेली इंजिनात. मी यांच्याकडे बघितलं. हे बाहेर बघत होते. बाहेर काय होतं? काटेरी बाभूळ. आणि जळगावची एस.टी., आम्हाला धूळ चारून पुढे गेली, ती दुसरी.

पारोळ्याच्या पुढे तर कहर. चुडामणभाऊंना आठवलं की विलायती गाडीला हीटर असतो, तो लावला की इंजिनाची उष्णता आत ओढली जाते. आत म्हणजे कुठे? आमच्यावर! खानदेशातला मे महिना, बाहेर झाडावर पाखरू नाही, आणि आम्ही हीटर लावून बसलेलो. पितांबर लालेलाल झाला, रडून रडून त्याचा आवाज बसला, त्याचं कपाळ मी दर मिनिटाला चाचपत होते, तापला असता तर त्याला कुठली हळद घालणार होते हे?

शेवटी एका निंबाखाली गाडी उभी केली, गार होऊ द्या म्हणून. अर्धा तास गेला. आबांनी किल्ली फिरवली, काटा टुणकन लालवर. "आजून तपेल शे." पुन्हा अर्धा तास. पुन्हा किल्ली, पुन्हा लाल. बायांनो, तासभर बंद पडलेलं इंजिन तापतं कशाने, रागाने? तेवढ्यात पुरुष मंडळी झाडामागे गेली, मी पितांबरला काखेत घेतलं, पुढचं टोपण उचललं आणि उलटा हात लावला, त्याच्या कपाळाला लावते तसा. गार. माठासारखं गार. आबा आले तसं मी पदर ओढून म्हटलं, "पितांबर, आजोबांना सांग, गाडीला ताप नाहीये, काट्यालाच काहीतरी झालंय. हात लावून बघा." आबा पितांबरला म्हणाले, "तुनी मायले सांग, गाडी शे हाई, लेकरू नही. आनि सातवी शिकीसन कोनी मिस्तरी व्हत नही." पण मला विचारतो कोण. तिसरी एस.टी. गेली.

अंगात नुसती धुगधुगी उरल्यासारखी ताशी दहाच्या चालीने गाडी एरंडोलला आली तेव्हा भटू मिस्तरीच्या दुकानातल्या घड्याळात दोनला पाच कमी होते. भटू मिस्तरीने काय करावं? काही विचारलं नाही. टोपण उचललं, हात लावला. मग एक बारकी वायर उपसली, काटा खाली. तीच वायर पत्र्याला टेकवली, काटा लाल. वरचं रबर झिजून वायर उघडी पडली होती, खड्डा आला की पत्र्याला चिकटायची, एवढंच. काळी पट्टी गुंडाळली, आणि पाण्याचं झाकण उघडून आतलं पिवळं पाणी बघत म्हणाला, "आबा, गाडी तपेलच नही शे. हाऊ काटा लबाड शे. हात लाईसन कोनी देखा नही का?"

चुडामणभाऊ चहा सांगायला गेले. घड्याळात दोन वाजले, मला ते वाजलेले ऐकू आले.

जळगावला पोचलो तेव्हा न्हावी गेला होता, अभिमन गेला होता, त्याने भाच्यासाठी आणलेली टोपी आईच्या हातात होती. आईने पितांबरला घेतलं आणि त्याला पाणी पाजलं.

आता आबा पारावर बसून सांगतात, "बठ्ठा म्हनेत तपनी, तपनी. मी हात लाईसन देखा, थंडगार!" मी पदर पुढे ओढते. पितांबर दोनाचा होत आलाय, केस खांद्याखाली आलेत, डोळ्यांत जातात म्हणून मी दोन वेण्या घालून रिबीन बांधते. एस.टी.त शेजारच्या बाया विचारतात, "गोड आहे हो, नाव काय मुलीचं?" मी म्हणते, पितांबर. त्या माझ्या तोंडाकडे बघतात. मग मी म्हणते... काय म्हणणार? गाडी तापली होती.