ब्रेकचा पाइप

कोलकात्यात, बेहालाच्या बसच्या रांगेत मागून चक्क मराठी ऐकू आलं, त्यातही स्वतःचंच आडनाव! सुचित्रा देवस्थळी हसत वळणार, तोच पुढचं कानावर पडलं.

"जयंता, देवस्थळींची जुनी पिकअप झकास उंच केलीस हं!"

"स्प्रिंगचे पाटे वाढवले, मामा. चाकंही मोठी घातली. आता डोंगर काय, ओढ्यातूनसुद्धा जाईल."

"आणि ब्रेकचा रबरी पाइप? तोही लांब घातलास ना?"

"तो राहिला."

"राहिला? अरे, खड्ड्यात चाक लोंबकळलं की ताणून तुटेल तो! मग ब्रेक कुठला?"

"हळू बोला, मामा."

"हळू कशाला? इथं मराठी कुणाच्या बापाला कळतंय? त्यांना सांगितलंस का?"

"गाडी बघून लहान मुलासारखे नाचत होते हो. माझं तोंडच उघडेना. रविवारी कालिम्पाँगला निघणार आहेत, तोवर बदलतो."

"एकटेच?"

"छे, दोन्ही पोरांना घेऊन."



"भाऊ," सुचित्रा वळून म्हणाली, "आमचे हे आज पहाटेच निघाले हो."