हिरवा पंधरवडा

—न्हाय, समितीनं विरोध केला असं लिहू नका मॅडम. विरोध कुणीच केला न्हाय. उलट नव्या पद्धतीचं स्वागतच केलं, फोटो हाय की — तो कपाटावर, प्रोजेक्टरला हार घातलेला. आता तुमी पुण्यावरनं खास हेच बघायला आला, मेंढपाळांच्या संघानं देखरेखीची पद्धत कशी बदलली ते, तर सचिव म्हणून नीट सांगायला पाहिजे मला. एकोणतीस वर्षं हितं हाय मी. चहा घ्या आधी.

काम साधं होतं बघा. आमचे मेंढपाळ सांगोल्याकडचे, दिवाळी झाली की कळप घेऊन बाहेर पडतात, पाऊस चांगला लागला की परत. त्याच्या आधी मेंढरांना आंत्रविषाराची लस द्यावी लागती, न्हायतर हिरवं कोवळं गवत खाल्लं की मेंढरू संध्याकाळपर्यंत आडवं. पण लशीची गाडी पाठवायची कुटं? कळप आज करमाळ्याच्या माळावर, परवा आणखी कुटं. म्हणून मोबाईलवर ॲप करायचं ठरलं — मेंढपाळानं मुक्काम सांगायचा, गाडीनं तितं जायचं. ते बनवणाऱ्या टीमची मुख्य ऋतुजा. सव्वीस-सत्तावीसची पोरगी, बोलायला सरळ. पहिल्याच बैठकीत म्हणाली, "वर्षभरानं सगळं एकदम देणार नाही. दर पंधरा दिवसांनी थोडं थोडं देऊ, मेंढपाळांच्या हातात देऊन बघू, चुकलं तर लगेच बदलू." एजाइल म्हणतात त्याला, तुमाला माहीतच हाय. आमचे अध्यक्ष घाबरले — "मग आमी सही कशावर करायची?" प्रश्न बरोबरच होता की. आमच्याकडं एकशेचाळीस पानांचा आराखडा एकदा मंजूर व्हायचा, मग तीन महिन्यांनी बैठक, तवर कुणी कुणाला विचारत न्हाय.

मग प्रशिक्षण झालं दोन दिवस, आन् नियम बदलले. खरंच बदलले. तिमाही अहवाल बंद, आता पंधरवड्याला अहवाल. समितीच्या सह्या सातच — पण पंधरवड्याला सात. भिंतीवर फळा लावला, काम कसं चाललंय ते दाखवायला लाल, पिवळी, हिरवी टिकली. ऋतुजानं एकदा लाल लावली तर अध्यक्ष म्हणाले, "बाहेरची माणसं येतात, बरं दिसत न्हाय." पिवळी लावली. पिवळीचं पण लोक कारण विचारायला लागले, तेव्हापासून टिकल्या हिरव्याच मागवतो. मागवतो मंजी मीच मागवते. हसा, हसा. पण एक नियम मी स्वतः लिहिलेला हाय, तो लिहून घ्या — छोटा बदल असंल तर समितीपर्यंत थांबायचं न्हाय, सचिवानं एकटीनं सही करून सोडायचा. लई कौतुक झालं त्याचं. किती वेळा वापरला म्हणता? एकदा.

गेल्या मेमधलं सांगते. ऋतुजा ॲप घेऊन करमाळ्याकडं गेली, मेंढपाळांच्या वाड्यावर. मलाही बोलवलं होतं, नव्या पद्धतीत समितीनं तितं जाऊन डोळ्यांनी बघायचं असतं. मी गेले न्हाय, ऊन लई होतं, आन् अहवाल तर हितं बसून लिहायचा असतो. तितं मायाप्पादादानं — मायाप्पा म्हणून एक मेंढपाळ हाय — त्यानं फोन हातात घेतला आन् म्हणाला, "पोरी, ह्यात गावांची यादी हाय. मी ह्या माळावर हाय, माळाला नाव न्हाय. मग मी काय दाबू?" त्यानं काही दाबलं न्हाय तर गाडी जाणार त्याच्या नोंदीतल्या गावाला, सांगोल्याला. ऋतुजानं दोन दिवसांत दुरुस्ती केली. फोन जिथं हाय ती जागा आपोआप कळंल असं काहीतरी. नऊ मेला माझ्या टेबलापुढं उभी. "ताई, छोटा बदल आहे. तुमच्या एका सहीनं सुटेल. गाडी वीस तारखेला निघणार."

मी म्हटलं, मंजूर आराखड्यात न्हाय हे. अठ्ठावीसला बैठक हाय, तितं ठेवू. ती म्हणाली, "पण नियम तुम्हीच लिहिलाय ना?" लिहिलाय की. लिहिणं वेगळं. उद्या काही झालं तर सातातल्या सहाजणांनी म्हणायचं, बाईनं परस्पर सोडलं. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत माझी. तुमी काय केलं असतं? …बरं, राहू द्या.

वीसला गाडी सांगोल्याला गेली. मेंढरांचे वाडे रिकामे. 'मेंढ्या आढळल्या नाहीत' अशी नोंद करून परत आली. आन् गाडी वेळेवर निघाली, मंजूर गावात पोचली, म्हणून त्या पंधरवड्याला टिकली हिरवी. अठ्ठावीसची बैठक झालीच न्हाय, अध्यक्ष लग्नाला बार्शीला. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात माळावर गवत आलं, आन् दादाची एकेचाळीस मेंढरं गेली चार दिवसांत. पोटं फुगलेली, पाय झाडायची नुसती. वहिनी म्हणाली, पिलं मेलेल्या आयांना लुचत होती, ओढून काढावी लागली.

व्हय. भाऊच. सख्खा. त्यानं फोन केला, ओरडला न्हाय, एवढंच म्हणाला, "विजे, गाडी कुटं गेली गं?" आन् मी म्हटलं, "दादा, विषय समितीपुढं ठेवलाय." भावाला असं बोलले मी. त्यानं फोन ठेवला, त्यानंतर उचलला न्हाय.

मग मी सही केली. त्याच दिवशी. तेवढी एकदाच वापरली ती सोय. …व्हय, कागदावर दहा मे हाय. चौकशी बसली, समितीनं बघितलं — मंजुरी दहा मेला दिलेली, मंजी देखरेखीत कसूर न्हाय, उशीर टीमचा. ऋतुजाला कामावरनं काढलं. ती त्या खुर्चीत बसली होती, तुमी बसलाय तितं. कागद बघितला, माझ्याकडं बघितलं, आन् काही बोलली न्हाय. मला वाटलं बोलंल. बोलली असती तर मी कबूल केलं असतं, असं मी स्वतःला रोज सांगते.

काय? तिच्या कॉम्प्युटरमध्ये खरी तारीख असती? मंजुरी कधी आली, मिनिटासकट? …मग कुणी बघितली कशी न्हाय? व्हय, विचारलंच कुणी न्हाय. आमी टिकल्या बघत होतो.

पेन खाली ठेवू नका. लिहा. सही सतरा जूनची हाय. सतरा. आन् हा ऋतुजाचा नंबर, घ्या. मी दिला असं सांगू नका तिला — न्हाय, सांगा. सांगा की.

आता जावा तुमी. चहा राहू द्या तो, निवला. जावा म्हटलं ना.