मी निर्दयी ठरले तो दिवस

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी कुत्र्यानं माझ्या लेकीची, परीची पोटरी धरली. मी आधीच भित्री. सासूबाई मिरचीपूड घेऊन धावल्या, आमच्याकडे कुत्रा चावला की तीच लावतात. पण मला अंगणवाडीत ऐकलेलं आठवलं. परीला बोअरिंगच्या हातपंपावर नेलं अन् साबण लावून जखम धूत बसले, पंधरा मिनिटं. पोरगी किंचाळून राहिली, मी रडून राहिली.

"सोड तिले! कितीक निर्दयी आहेस वं तू!" सासूबाई ओरडल्या.

सातवीत अर्थ पाठ केला होता, ज्याला दया नाही तो निर्दयी. शब्द काळजात रुतला, पण हात थांबवला नाही.

दवाखान्यात सुई देताना नर्सबाईंनी विचारलं, "जखम कोणी धुतली?"

"मी," भीत भीतच म्हटलं.

"अर्धं काम तूच केलंस बाई. बाकीचं या सुया करतील."

सासूबाईंनी ते ऐकलं. महिनाभरानं शेवटची सुई झाली, त्या संध्याकाळी बोअरिंगवर पाणी भरणाऱ्या बायांत त्यांचाच आवाज, "माही सून लय निर्दयी आहे, म्हून नात धड आहे! तुम्हीबी व्हा तशाच!"

तर बायांनो, मिरची नको. आधी साबण-पाणी, मग लगेच दवाखाना. लेकरू रडलं तरी थांबू नका, अन् हे शेजारणीलाही सांगा.