सारवलेला तंबू

माझं माहेर तळेगावाच्या पलीकडं, लगीन होऊन आले पुनावळ्याला, तवा पुनावळं गाव व्हतं, आता ही बिल्डिंग बघताय ना, हितं आमचा गोठा व्हता, आन म्या त्याच गोठ्याच्या डोक्यावर नवव्या मजल्यावर ऱ्हाते, काय सांगू तुम्हाला. फरशी पुसायला बाई येती, मला हात लावायला काय ठेवत न्हाई. सून मेघा वाकडला कंपनीत जाती, गुणाची हाय पण लई घाईची, आमचं बोलणं म्हंजी आई जेवलात का, आन जेवले ग पोरी, संपलं.

तर तिनंच काढलं, आई चला, डोंगराकडं दोन दिस तंबूत ऱ्हायचं. म्या म्हणलं तंबूत मेंढरंवाली ऱ्हात्यात, आपलं बरं घर सोडून कशाला. पण मनातून हरखले, कारण कधी न्हाई ते मला संगं न्यायचं म्हणली व्हती, ह्याच्या आधी सुट्टीला दोघंच जायची.

तंबू कसला, राजाचा दरबार. आत पलंग, उन्हावर चालणारा पंखा, प्लास्टिक कुठं न्हाई, आन खाली सारवलेली जमीन. म्या जमिनीला हात लावला तर नुसते पोपडे. तिथली मॅनेजर पोरगी म्हणली, आजी, आमी मोबाईलवर बघून केलंय. म्हणलं व्हय, दिसतंय.

मला पाचाला जाग येती, गोठा गेला तरी सवय जाईना. मेघा पाखरं बघाया गेली, पोरगा संदीप पलंगावर घोरत व्हता. पाव्हण्यांना दाखवायला त्यांनी दोन गाई ठेवल्यात, तिथनं ताजं शेण आणलं, माती, थोडा भुसा, भेगा बुजवल्या आन घेतलं सारवायला. आता सारवायची रीत कशी, आतल्या कडेपासनं धरायचं आन मागं मागं सरकत दाराशी यायचं. आले दाराशी, कंबर सरळ केली, बघते तर काय, लेक राह्यला आत पलंगावर आन चौफेर वली जमीन.

उठला तो, म्हणला आई, अगं माझी मीटिंग हाय, रेंज फक्त गेटापाशी येती. म्हणलं वाळल्याबिगर पाय टाकायचा न्हाई. मंग तापला, आपण हितं पाव्हणे हाव, तू काय कामाला आलीस का, कुठं न्यायची सोय न्हाई तुला. ते मला लागलं बघा. म्या बादली घेऊन दारात तशीच उभी, वाटलं संपलं, आता पुढच्या सुट्टीला म्हातारी घरीच.

तेवढ्यात मेघा आली मॅनेजर पोरीला घेऊन. नवरा पलंगावर लॅपटॉप पोटाशी धरून बसलेला, सासूचे हात कोपरापातुर भरलेले. आन मेघा हसाया लागली, अशी हसली की तिथंच मटकन खाली बसली, डोळ्यातनं पाणी. सात वरसांत म्या तिला तसं हसताना बघितलं नव्हतं. संदीप शेवटी गेला उड्या मारत, मीटिंग चुकवंना गडी, आन नव्या जमिनीत त्याची पावलं उमटली, खोल.

मेघानं प्यांट गुडघ्यापातुर वर केली, म्हणली आई, मला दाखवा. म्या तिचा हात धरून फिरवला, अर्धं वर्तुळ, दाबायचं न्हाई, बोटं सैल. पावलं बुजवता बुजवता मेघानं ती बारा वरसाची असताना तिची आई गेल्याचं सांगितलं. म्हणली असं हात धरून शिकवाया कुणी नव्हतं. तिला आई न्हाई एवढं ठाऊक व्हतं, पण इतक्या लहानपणी गेली हे एवढ्या वरसांत मला ठाऊक नव्हतं, कारण म्या कधी इचारलंच न्हाई, चूक माझीबी हायच की.

आता संक्रांतीनंतर परत जायचंय, मॅनेजर पोरीनं बाकीचे तंबू सारवायचे राखून ठेवलेत म्हणं, आजीशिवाय हात लावणार न्हाई. संदीप म्हणतो येतो, पण माझा पलंग दाराजवळ टाका. मेघा त्याला म्हणती, तुमी न्हाई आलात तरी चालंल, आमी दोघी जातो. सुखी ऱ्हावं सगळ्यांनी, मला आन काय पायजे.