हाक देऊन थांबणारा

मंडळी, ऐका! कामाला माणूस ठेवताना त्याच्यात आपण काय बघतो? हुशारी? स्वभाव? की आपल्यालाच जे हवंसं असतं, ते?

खाडीकाठी एक गाव, पलीकडे बाजार. मधे सुडकोजीची होडी. गात गात वल्हवायचा तो. गेला बिचारा! होडी उरली बायकोकडे, द्वारकाबाईकडे. आता होडीवर माणूस नेमायचा. आले दोघे.

भागोजी — तोंडात मूग धरलेला! द्वारकाबाई म्हणाली, "काय रे, बोलता येतं का तुला?"

"होडी येते," तो म्हणाला.

हसता काय? जावई बघायला गेलात की तुम्हीही हेच विचारता!

दुसरा गंगाराम — हसरा, मोकळा. एक ओळ गायला मात्र, बाईनं पदर डोळ्यांना लावला. तोच आवाज! "ह्यालाच ठेवते."

द्वारकाबाईची जाऊ म्हणाली, "अगं, माणूस होडीला हवा, की तुझ्या कानाला?" — पण ऐकतंय कोण!

त्या होडीची एक रीत होती. शेवटच्या फेरीला काठाकडे हाक द्यायची — "कुणी राहिलं का हो?" — आणि उत्तरासाठी थांबायचं.

एकदा द्वारकाबाईला बाजारात उशीर झाला. धक्क्याकडे धावतेय, तोच हाक आली — "कुणी राहिलं का हो?"

"आहे रे! मी आहे!"

पण गंगारामानं हाक संपताच गाणं धरलेलं! "अरे, थांब!" — ती ओरडतेय, तो गातोय. ज्या आवाजासाठी जीव तळमळला, तोच तिला काठावर टाकून लांब लांब चालला...

तेव्हा आठवलं तिला. घरधनी गायचे खरे, पण हाक दिली की गप्प व्हायचे. वल्ह्यावरून पाणी ठिबकायचं, तेवढंच ऐकू यायचं. "गाणं तेवढं जपलं मी," ती पुटपुटली, "थांबणं विसरले."

दुसऱ्या दिवशी होडी भागोजीला दिली. गंगाराम वाईट का? छे! देवळात भजनाला बसवला, देऊळ भरून गेलं!

मंडळी, उद्या तुम्ही दुकानात, शाळेत माणूस निवडाल. स्वभाव जरूर बघा! पण निवडताय कोण — कामाला हवा तो, की आपल्या मनाला हवा तो? समोरच्याला प्रश्न विचारण्याआधी स्वतःला विचारा — मला कुणाची आठवण येतेय?

होडी भागोजीला दिली, त्या संध्याकाळी द्वारकाबाई अलीकडच्या काठावर बसली होती. पाण्यावरून भागोजीची हाक आली — "कुणी राहिलं का हो?"

मग शांतता. लांबलचक. अगदी सुडकोजीची!

अलीकडून ती हळूच म्हणाली, "राहिलेय ना. मी राहिलेय."