दोघांना एकच

दुसऱ्यांचं बोलणं ऐकायची इद्रीसला खोड नव्हती. पण कुवेतमध्ये, खैतान भागातल्या दवाखान्यात शेजारच्या बाकावर बापलेक मराठीत बोलू लागले, तेव्हा त्याने कान बंद तरी कसे करायचे? मुलीची इतिहासाची परीक्षा होती.

“पप्पा, इंग्लंडमध्ये राजाचं आणि सरदारांचं सिव्हिल वॉर झालं. शेजारच्या वेल्सचा राजपुत्र लेवेलिन सरदारांच्या बाजूने.”

“आणि सीमेवरचे जहागीरदार?”

“ते कधी इकडे, कधी तिकडे.”

“माझ्यासारखे. तुझे काका भांडतात, मी फोनवर दोघांनाही म्हणतो, तुझंच बरोबर.”

“म्हणून धाकटे काका यंदा मूळ घरच्या गणपतीला येणार नाहीत?”

“पुढे वाच.”

“सरदार हरले. मग लांबून पोपचा दूत आला, त्याने राजापुढे आणि लेवेलिनपुढे एकच तह ठेवला.”

“गावी फोन करायचं कार्ड दे बघू. आधी कुणाला लावू?”

“दोघांना एकच सांगणार असाल, तर कुणालाही.”