बेचाळीसपैकी बेचाळीस

नंदाबाई : मॅडम, हजेरी परत घ्या.

नीरजा : आत्ताच घेतली, नंदाबाई. बेचाळीसपैकी बेचाळीस. मागे सरका, धूर इकडे वळतोय.

नंदाबाई : एकदा घ्या की. पाया पडते.

नीरजा : अहो, या कारखान्याची सेफ्टी ऑफिसर मी आहे, मला आत्ता शंभर कामं आहेत. फायर ब्रिगेडच्या अमृत सरांना सांगितलंय मी, आत कुणी नाही. म्हणून तर ते बाहेरूनच पाणी मारताहेत.

नंदाबाई : म्हंजी आत कुनी जानारच न्हाई?

नीरजा : कशाला जातील? थर्माकोल जळतंय ते. दोन श्वासांत माणूस आडवा होईल.

नंदाबाई : सारिका आत हाय.

नीरजा : सारिका गराडे? तिनं ‘हजर’ म्हटलं. ही बघा टिक.

नंदाबाई : मी म्हनलं.

नीरजा : काय?

नंदाबाई : तिच्या नावाला मी हजर म्हनलं. दर आगीच्या ड्रिलला म्हनते. ती वर खोक्यांच्या खोलीत बसती अन् आईला फोन लावती. आई गावी भुशीला एकटी असती तिची. लाईन चालू असताना फोन लॉकरात, मॅडम. ड्रिलची पंधरा मिन्टं तेवढी आपली. आज भोंगा वाजला, मला वाटलं ड्रिलच हाय. हजर म्हनून गेले, मंग वर बगितलं तर जिन्याच्या खिडकीतनं काळा लोट. तवापास्नं समद्यांची तोंडं बगत फिरतेय. कुटंच न्हाई ती.

नीरजा : अरे देवा. अमृत सर! थांबा! आत एक बाई आहे!

अमृत : मघाशी तुम्हीच काउंट पूर्ण दिलात ना मला?

नीरजा : चुकीचा दिला. दुसरा मजला, खोक्यांची खोली.

अमृत : कुठल्या बाजूला? नीट सांगा. आत स्वतःचा हात दिसणार नाही, भिंत चाचपत जायचंय आम्हाला.

नंदाबाई : जिना चढलं की डाव्या हाताला. हिरवं दार.

अमृत : रंग नको, मावशी. कितवं?

नंदाबाई : तिसरं. व्हय, तिसरंच.

अमृत : विठ्ठल, हवेचा सेट चढव! तू आणि मी. मॅडम, फोन आहे ना तिच्याकडे? लावा. दार उघडू देऊ नका.

नीरजा : यादीत नंबर आहे... लागला. हॅलो, सारिका?

सारिका : मॅडम? हितंच हाय मी. खाली, रांगेत. नंदामावशीच्या मागं.

नीरजा : सारिका...

सारिका : शप्पत, मॅडम. हजेरी दिली की मी.

नीरजा : सारिका, मी रागावत नाहीये. आज ड्रिल नाही. खरी आग लागलीय.

सारिका : तरीच वास येतोय. मला वाटलं, मागल्या बारीवानी तुमी टायर पेटवलाय.

नीरजा : दाराखालून धूर येतोय?

सारिका : लय येतोय. मी पळत येते खाली.

नीरजा : नाही! हाताची पालथी बाजू दाराला लावून बघा. हळूच.

सारिका : आई गं! तापलंय.

नीरजा : मग उघडायचं नाही. खिडकी आहे?

सारिका : न्हाई. खोकीच हायत नुसती.

नीरजा : ॲप्रन काढा, दाराखालच्या फटीत कोंबा. पाणी?

सारिका : अर्धी बाटली.

नीरजा : ओढणी भिजवा, नाकातोंडावर बांधा. दारापासून लांब पालथ्या झोपा. जमिनीलगत हवा असते.

सारिका : हे कवा शिकवलंत तुमी?

नीरजा : दर ड्रिलला.

नंदाबाई : द्या हिकडं फोन. सारे, भिऊ नगं. सायब निगालेत. भिंतीवर हात मार, आवाज दे त्यास्नी.

सारिका : मावशी, आईला काय बी सांगू नगा, ती...

नंदाबाई : सारे? ए सारे! मॅडम, बंद पडला वो!

नीरजा : द्या... लागत नाही. नंदाबाई, माझ्याकडे बघा. आणखी कोण कुणाच्या नावाला हजर म्हणालंय?

नंदाबाई : मला काय ठावं?

नीरजा : सगळ्यांनी एकेक करून पुढे या! माझ्या हाताला हात लावून नाव सांगा. मी आजवर कागदावरून मानच वर केली नाही.

नंदाबाई : मी एकेचाळिसावी, मॅडम. समदे झाले. ते अजून कसं येत न्हाईत?

नीरजा : त्यांच्या पाठीवर वीसेक मिनिटांची हवा असते.

नंदाबाई : अन् तिच्याकडं?

नीरजा : तुम्ही जिन्यावर नजर ठेवा.

नंदाबाई : बोला की, मॅडम.

नीरजा : काय बोलू? मला माहीत नाही.

नंदाबाई : जिन्याकडं बगा! आले! आनली तिला!

अमृत : स्ट्रेचर! बाजूला व्हा! श्वास चालू आहे. मास्क काढू नका, बोलायला लावू नका. मॅडम, आत आणखी कोणी? या वेळी नक्की सांगा.

नीरजा : एकेचाळीस जणांना हात लावून मोजलंय. ही एकच राहिली. सारिका, बोलू नका, नुसता हात हलवा. सारिका गराडे?

नंदाबाई : मॅडम, ती...

नीरजा : तुम्ही नाही, नंदाबाई.

नंदाबाई : न्हाई बोलत. पर बोटं हलली तिची. बगितली न्हवं?

नीरजा : बघितली.

नंदाबाई : मंग करा की टिक.

नीरजा : थांबा. अजून जरा बघू दे मला.